‘आदी सेनिकाऊ’चे फोटो

१

फोल्डर जागेवर नव्हतं.

मकेलेसीने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरची यादी पुन्हा वरून खाली वाचली. ‘आदी सेनिकाऊ’ हे फेरीबोटीच्या नावाचं मोठं फोल्डर. ते उघडलं की आत छोटी फोल्डरं: तिकिटं, माल, खलाशी, दुरुस्ती. यांच्या जोडीला ‘फोटो’ असायला हवं होतं. तेवढंच नव्हतं.

“शुक्रवारी होतं,” मागे उभी असलेली वासिती म्हणाली. “तुझा सुवाहून फोन आला तेव्हा मी स्वतः उघडून पाहिलं. काल दुपारी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला बसले, तर गायब. लगेच तुला कळवलं.”

“तुझ्याशिवाय या मशीनला कोण हात लावतं?”

“विचार कोण लावत नाही ते! हार्बर मास्तर हवामान बघतात. दीपू टंकतो. कंपनीचा जिमी तिकिटं छापतो. तूच काय ती राहिली होतीस, तीही आलीस.”

वातुसोको बेटावर मामे-आतेबहिणींनी एकमेकींना टोमणे मारायचे, हा रिवाजच. पण आज वासितीच्या टोमण्यात जीव नव्हता. अंगावर काळा झगा, केस मानेपाशी कापलेले. नवऱ्याला जाऊन दोन महिने झाले होते.

दोन महिन्यांपूर्वी ‘आदी सेनिकाऊ’ बेटासमोरच्या प्रवाळाच्या रांगेबाहेर बुडाली. मागचा लोखंडी दरवाजा लाटेने आत दबला, गाड्या चढवायच्या तळात पाणी शिरलं आणि बोट कलंडली. कप्तान कितिओने, म्हणजे वासितीचा नवरा, शाळेची पोरं एकेक करून तराफ्यावर सोडत राहिला आणि स्वतः मागे राहिला. त्याच बोटीवर वाइसाले नावाचा तपासनीस होता. हिवाळ्यात बोट तपासणीला किनाऱ्यावर ओढली होती तेव्हा त्या दरवाजाचे फोटो यानेच काढले होते. तो बुडाला, त्याचा कॅमेराही बुडाला. उरली ती त्याने बंदर कचेरीच्या या कॉम्प्युटरवर टाकून ठेवलेली प्रत. दरवाजा गंजलेला होता हे ठाऊक असूनही बोट सोडली का, आणि कोणी सोडली, हे सांगणारा दुसरा पुरावा जगात नव्हता.

गुरुवारी चौकशी आयोग शाळेच्या सभागृहात बसणार होता. आज मंगळवार.

मकेलेसी आयोगाची कागदपत्रं सांभाळत असे. त्याआधी सगळी नोकरी तिने राजधानीत, सुवाच्या पोलीस दप्तरात काढली होती. हे बेट तिचं आजोळ. म्हणूनच तिला पाठवलं होतं. आणि म्हणूनच तिला यायचं नव्हतं.

तिने रिसायकल बिन उघडलं. रिकामं. मग मोठ्या फोल्डरवर राइट क्लिक करून तारीख पाहिली. फोल्डरमधून काही काढलं, आत काही घातलं, की त्या फोल्डरची स्वतःची तारीख बदलते. चोर आपली पावलं पुसून जातो. उंबरा मात्र तो कधी ओलांडला ते लिहून ठेवतो.

“रविवार,” ती मोठ्याने म्हणाली. “सकाळी अकराच्या सुमारास.”

“रविवारी अकरा?” दारातून भारदस्त आवाज आला. हार्बर मास्तर रुपेनी चौकट भरून उभा होता. “अगं पोरी, त्या वेळी अख्खं बेट चर्चमध्ये असतं. मी पहिल्या बाकावर, ही वासिती माझ्या मागे. कुत्रीसुद्धा चर्चच्या पायरीवर.”

“अख्खं बेट?”

रुपेनीने शांतपणे टोपी काढून खुंटीला अडकवली.

“एक माणूस सोडून,” तो म्हणाला.

२

रुपेनीने चटई अंथरली. लाकडी परातीत यांगोनाच्या मुळांची पूड पाण्यात कालवून ठेवलेली होती. करवंटीचा पेला त्याने मकेलेसीपुढे धरला. तिने टाळी वाजवून घेतला आणि एका घोटात रिता केला. जिभेवर माती आणि मिरी यांच्यामधली चव पसरली.

“दीप नारायण,” रुपेनी म्हणाला. “कारकून. माणूस वाईट नाही. पण त्याचा देव निराळा, त्याचा रविवार निराळा. चावी त्याच्याकडे असते. आणि महिनोन् महिने तो त्या फोटोंच्या नावाने बोटं मोडत होता.”

“का?”

“जागा खातात म्हणे. मला त्यातलं काय कळतं? मी जुना खलाशी. मला एवढंच कळतं की तो कॉम्प्युटरचा डबा पागो-पागोच्या चर्चने दान केलाय आणि आल्या दिवसापासून त्याचं घड्याळ एक तास पुढे आहे.” तो पोट हलवत हसला. “आम्ही बेटावरचे सगळे एक तास मागे. जमतं आमचं.”

“तुम्ही ते फोटो पाहिले होते, मास्तर?”

हसणं थांबलं नाही, पण डोळ्यांतून उतरलं.

“वाइसालेने टाकले, एवढं ठाऊक. मी कशाला बघू? बोट समुद्रात न्यायची की नाही, ते कप्तान ठरवतो. तो ‘ठीक आहे’ म्हणाला, की मी सही करतो. तीस वर्षं असंच चाललंय. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय, पोरी. मला आता कुणाशी वैर नको.”

फोटो नाहीसे झाल्याने ज्याचं सर्वांत भलं होणार, तो माणूस आपल्यासमोर मांडी घालून बसलाय, असं मकेलेसीला वाटलं. दुसरा धक्क्यावर भेटला.

जिमी बेन्सन बोट कंपनीचा एजंट. त्याचा पणजोबा गोरा होता, हे तो दोन पेल्यांनंतर सांगायचा. आज न पिताच चिडलेला होता.

“हो, माझा फायदा आहे!” तो म्हणाला. “मॅडम, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. दरवाजा गंजका निघाला तर कंपनी बुडते आणि कंपनीबरोबर मी. पण मला फोटो घालवायचे असते, तर मी रविवारची वाट बघत बसलो असतो? तो डबाच उचलून समुद्रात टाकला असता आणि म्हटलं असतं, चोर आला.”

“रविवारी अकराला तू कुठे होतास?”

“अंथरुणात. साक्षीदार माझं रात्रीच्या पिण्याने दुखणारं डोकं. सहा दिवस लोक मला धक्क्यावर शिव्या घालतात, सातव्या दिवशी चर्चमध्ये जाऊन त्याच ऐकू?”

“आणि काल?”

“काल सार्जंट तोमासीने सकाळीच मला आणि दीपूला बोटीत घातलं. बोट कुठे बुडाली ती जागा दाखवा, आयोगाला नकाशा हवा, म्हणून. जेवणाची वेळ टळून गेल्यावर परतलो. उन्हाने सोलून निघालो. त्या दीपूने तर वाटेत मला दोनदा विचारलं, पोरं नेमकी कुठे उतरवली? आणि दोन्ही वेळा रडला. रडका साला.”

तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू आला. मग काच फुटल्याचा आवाज.

जिमीने मान वळवली आणि थुंकला. “झालं. रविवारची बातमी पोचली वाटतं दीपूच्या घरी.”

३

दीपूच्या घराच्या खिडकीत काच उरली नव्हती. अंगणात बुडालेल्यांचे नातेवाईक उभे होते. सार्जंट तोमासी दोन्ही हात पसरून त्यांना थोपवत होता.

“बाजूला व्हा! कायदा मी आहे. दगड टाक खाली, लिटिया. तुझ्या बापाला मी ओळखतो.”

“माझा बाप त्या बोटीवर होता!” लिटिया ओरडली. “विचारा त्याला, किती मिळाले फोटो पुसायचे!”

आत दीपू जमिनीवर बसून काचा वेचत होता. बोटाला रक्त आलं होतं. पन्नाशीचा किडकिडीत माणूस. त्याच्या चार पिढ्या याच बेटावर जन्मल्या आणि याच बेटावर जळल्या.

“मॅडम, चहा विचारला असता,” तो म्हणाला. “पण कप फुटलेत.”

“दीपू, रविवारी सकाळी कुठे होतास?”

“घरी. बायको लेकीकडे लाउटोकाला गेलीय. एकटा होतो. रामायण वाचत होतो. साक्षीदार विचाराल तर राम. चालेल तुमच्या आयोगाला?”

“फोटोंवर तू चिडला होतास?”

“चिडणार नाही? एकेक फोटो हा एवढा थोरला. डिस्क गच्च भरलेली. फाइलींच्या खिडकीत ती जागेची पट्टी असते बघा, निळी असली तर ठीक, भरत आली की लाल होते. आमची हिवाळ्यापासून लाल आहे. वाइसालेने फोटो टाकले त्या दिवसापासून. मी सगळ्यांना सांगत होतो, हे दुसरीकडे न्या, हे गेले की पट्टी निळी होईल, मशीन श्वास घेईल. पण न्या म्हणालो, मॅडम. पुसा नाही म्हणालो.” त्याने काचेचा तुकडा हातातल्या कागदावर ठेवला. “कितिओनेने माझ्या नातवाला तराफ्यावर ठेवलं. आपल्या हाताने. त्या बोटीचा न्याय मी पुसेन?”

सार्जंट आत आला. घामाने निथळत होता. “मॅडम, संध्याकाळपर्यंत मी याला चौकीत नेतो. अटक म्हणा, आसरा म्हणा. इथे राहिला तर घर पेटवतील.”

“चौकीत नेलंत तर सगळे म्हणतील, यानेच केलं.”

“मग दुसरा माणूस द्या मला,” सार्जंट म्हणाला. “संध्याकाळच्या आत.”

मकेलेसी कचेरीकडे निघाली. दीपू काय म्हणाला ते ती मनात घोळवत होती. वळणावर ती थबकली.

फोटो गेले की पट्टी निळी होईल.

सकाळी ती खिडकी तिने उघडली होती. पट्टी लाल होती.

४

कचेरीत कोणी नव्हतं. वासिती घरी गेली होती. शेजारच्या वायरलेसच्या खोलीत रुपेनी कुठल्याशा मालवाहू बोटीशी मोठमोठ्याने बोलत होता.

मकेलेसीने फाइलींची खिडकी उघडली. पट्टी अजूनही लालभडक. म्हणजे जागा मोकळी झालेलीच नाही. म्हणजे फोटो पुसलेलेच नाहीत. ते इथेच आहेत, याच डब्यात, फक्त दुसऱ्या कोपऱ्यात आणि डोळ्यांआड.

तिने वरच्या पट्टीतून ‘लपवलेल्या वस्तू दाखवा’ यावर खूण केली आणि एकेक फोल्डर उघडत गेली. हवामान. भरती-ओहोटी. जुन्या पावत्या. मोडीत निघालेल्या प्रिंटरचं एक फोल्डर होतं, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेलं. त्याच्या पोटात एक फिकट, अर्धपारदर्शक फोल्डर दिसलं. त्याला नावही नव्हतं. ‘नवीन फोल्डर’ एवढंच.

तिने ते उघडलं आणि पडदा गंजाने भरून गेला.

दरवाजाची खालची कड. बिजागरी. पापुद्रे सुटलेलं लोखंड. एका ठिकाणी तपासनिसाने पेन्सिल टोचली होती ती पत्र्यातून आरपार गेली होती. तिने एकामागून एक सगळे पाहिले. वाइसालेला कॅमेरा उभा धरायची सवय होती, म्हणून पडद्यावर सगळंच आडवं दिसत होतं: आडवा दरवाजा, आडवी शिडी, आडवे खलाशी.

मध्येच एक फोटो सरळ होता.

त्यात कितिओने होता. उघड्या डोक्याने, बाहीने घाम पुसत, एका हाताने दरवाजाच्या सर्वांत मोठ्या भोकाकडे बोट दाखवत. चेहरा कॅमेऱ्याकडे.

मकेलेसीने चित्रं बाजूला सारून नुसती यादी लावली: नाव, आकार, बदलल्याची तारीख. सगळ्या फोटोंची तारीख हिवाळ्यातली, एकाच दिवसाची. या एकाचीच निराळी. रविवार, अकराच्या सुमारास. ज्याने फोल्डर हलवलं त्याने हलवता हलवता हा एक फोटो उघडला होता आणि फिरवून उभा केला होता.

कंपनीच्या माणसाला कप्तान उभा काय, आडवा काय? आणि रुपेनीच्या हाती हे लागते, तर त्याने लपवलेच नसते, पुसून टाकले असते. मग रविवारी, अख्खं बेट चर्चमध्ये असताना, हा चेहरा नीट बघायला कोण बसलं होतं? दीपू? नातवाला वाचवणाऱ्याचा चेहरा?

आयोगासाठी प्रत करून ठेवावी म्हणून तिने पडद्यावर एक नवं फोल्डर तयार केलं. यादीत त्याची तारीख उमटली आणि तिचा हात माउसवरच थांबला.

सोमवार. चार वाजता.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. आणि आज मंगळवार होता.

५

घड्याळ एक तास पुढे आहे, असं सगळे म्हणत होते. कोपऱ्यात नुसती वेळ दिसायची, वार दिसायचा नाही. त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती. डबा पागो-पागोहून आला होता. तारीख बदलायची रेषा समुद्रात मधोमध आहे. तिच्या पलीकडे पागो-पागो, अलीकडे वातुसोको. तिथे सोमवार उगवतो तेव्हा इथे मंगळवार उजाडलेला असतो. डब्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तू रेषा ओलांडलीस. तो तासभर पुढे नव्हताच. तो एक दिवस मागे होता, तासभर कमी.

डब्याचा रविवार अकरा म्हणजे बेटाचा सोमवार दहा.

सोमवारी दहाला चर्च नव्हतं. कचेरी उघडी होती. दीपू आणि जिमी सार्जंटबरोबर भर समुद्रात होते. मागे कचेरीत दोनच माणसं उरत होती. त्यातला एक असता, तर फोटो उरलेच नसते.

मकेलेसीने फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले, तो पर्समध्ये टाकला आणि ती वासितीच्या घराकडे चालू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्या घराची वाट लहान वाटली.

वासिती ओसरीवर चटई विणत होती. तिने वर पाहिलं आणि हातातल्या पात्या खाली ठेवल्या.

“सापडले,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

“पुसून का नाही टाकलेस, वासी? पुसले असतेस, तर मला काही कळलं नसतं.”

“पुसायलाच बसले होते. सगळे निवडले. बटणावर बोट ठेवलं. मग तो दिसला.” तिचा आवाज सपाट होता. “माझ्याकडे त्याचा गेल्या वर्षभरातला एक फोटो नाही, मके. एक नाही. आणि तो त्यात असा घाम पुसत उभा. नाही झालं.”

“आणि फिरवलास का? तेवढं केलं नसतंस, तर मी मास्तरवर ठेवला असता आळ.”

वासितीने नजर समुद्राकडे वळवली.

“आडवा होता तो त्यात,” ती म्हणाली. “आडवा पडलेला मी त्याला एकदा बघितलाय. वाळूवर. पुन्हा नाही बघवत.”

मकेलेसी तिच्याजवळ चटईवर टेकली. दोघींमध्ये विणायच्या पात्यांचा ढीग होता.

“त्यात काय वाईट आहे? तो तपासनिसाला भोक दाखवतोय. दुरुस्त करा म्हणतोय.”

“तू बहीण आहेस, तुला तसं दिसतं. ते म्हणतील, याला माहीत होतं. माहीत असून पोरं भरलेली बोट घेऊन गेला. शाळेला त्याचं नाव देणार आहेत, मके. माझा सामू त्या शाळेत जातो.”

“मग तो गेला का?”

वासितीने पाती घेऊन बोटाभोवती गुंडाळली. “आदल्या संध्याकाळी जेवला नाही तो. म्हणाला, रुपेनी म्हणतो एक फेरी कर, शाळा सुटल्यात, पोरं अडकलीत, मग ओढू दुरुस्तीला. म्हणाला, मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला बसवतील, त्याला तो दरवाजा ठाऊक नाही. मी असलो तर सांभाळून नेईन. हेच शब्द. सांभाळून नेईन.”

“हे सांग आयोगापुढे!” मकेलेसीने तिचा हात धरला. “अगं, हेच सांग. फोटो सांगतील दरवाजा कसा होता, तू सांगशील कुणी पाठवला. रुपेनी सुटत नाही मग.”

“नाही. तू सांग, फोटो गेले. समुद्रात गेलं सगळं, तसे तेही गेले. तू माझ्या आत्याची लेक आहेस. एवढं कर.”

“आणि दीपू?”

वासितीने हात सोडवून घेतला. “त्याच्या लेकीचं घर आहे ना लाउटोकाला. जाईल. त्याची माणसं नेहमी जातात.”

“त्याच्या नातवाला तुझ्या नवऱ्याने उचललं होतं.”

वासितीने चटई पुन्हा विणायला घेतली. खालच्या रस्त्याने सार्जंटची जीप दीपूच्या घराकडे जाताना दिसली. मकेलेसी उठली.

“वासी, खरं बोललीस तर खरंच तुझं रक्षण करेल. मी शब्द देते.”

“नको देऊ,” वासिती म्हणाली. पण मकेलेसी पायऱ्या उतरली होती.

६

गुरुवारी शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निवृत्त न्यायाधीश पंख्याखाली बसले होते. पांढऱ्या पडद्यावर फोटो दाखवले गेले. पेन्सिल पत्र्यातून आरपार गेलेली दिसली, तेव्हा बायकांच्या बाजूने हुंदके आले. मग कितिओनेचा फोटो आला आणि एकदम शांत झालं.

जिमी म्हणाला, दुरुस्ती हवी असं कंपनीला कप्तानाने कधी कळवलं नाही. कळवलं असेल तर दाखवा.

रुपेनी पांढरा सदरा घालून आला होता. “फोटो माझ्या कचेरीत होते, साहेब, पण मला कुणी दाखवले नाहीत. कप्तान ‘ठीक आहे’ म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास होता. पोरासारखा होता मला.” त्याने रुमालाने डोळे टिपले.

मग वासिती उभी राहिली. मकेलेसीकडे न बघता तिने सगळं सांगितलं: फोटो तिने लपवले, दीपूने नाही, आणि आदल्या संध्याकाळी कितिओने काय म्हणाला, तेही, शब्दन् शब्द.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. “बाई, हे तुमच्याशिवाय आणखी कुणी ऐकलं?”

“नाही. मीच. बायको होते त्याची.”

“हार्बर मास्तरांनी तसं सांगितल्याचं तुमच्यापाशी दुसरं काही?”

“नाही.”

“आणि हे फोटो, म्हणजे तुमच्या पतीला दरवाजाची अवस्था ठाऊक होती याचा पुरावा, ते तुम्हीच दडवून ठेवलेत. बरोबर?”

“हो.”

“तुमचं दुःख आम्हाला कळतं,” न्यायाधीश मवाळपणे म्हणाले. “बसा.”

मकेलेसीने बोलायची परवानगी मागितली. कप्तान बोट दाखवतोय, लपवत नाहीये, हे तिने सांगितलं. आयोगाच्या वकिलाने तिला विचारलं, कप्तानाशी आपलं नातं काय? मामेबहिणीचा नवरा, ती म्हणाली. वकिलाने मान डोलावली आणि पुढचा साक्षीदार बोलावला.

निकाल शनिवारी वाचून दाखवला. दरवाजा निकामी होता. कप्तानाला ते माहीत होतं. माहीत असूनही त्याने बोट हाकारली. हार्बर मास्तरांना आणि कंपनीला यापुढे अधिक दक्ष राहण्याची सूचना देण्यात येत आहे.

फोटो दडवल्याबद्दल वासितीवर काही कारवाई झाली नाही. आयोगाने दया दाखवली. शाळेच्या मंडळाने नावाचा विषय पुढे ढकलला, आणि तो परत निघणार नाही हे सगळ्यांना कळलं. लिटियाने आणि इतरांनी दीपूच्या खिडकीला नवी काच बसवून दिली. दीपूने त्यांना चहा दिला, आभार मानले, आणि घर विकायला काढलं.

“का रे?” मकेलेसीने त्याला विचारलं. “आता तर सगळे सरळ झालेत.”

“म्हणूनच, मॅडम,” तो म्हणाला. “सरळ माणसांनीच दगड मारले होते. वाकड्यांचं मला काही वाटलं नसतं.”

वासितीकडे ती दोनदा गेली. पहिल्यांदा दार बंद होतं. दुसऱ्यांदा सामू दाराशी आला, म्हणाला, आई झोपली आहे. त्याच्या मागे, चटईवर, ती बसलेली दिसत होती.

सोमवारी सुवाची बोट होती. आजोळाहून निघणाऱ्या लेकीला धक्क्यावर पोचवायला घरची सगळी माणसं येतात, टोपलीत कसाव्याचे कंद, भाजलेला मासा, नारळ बांधून देतात. बायका गातात. मकेलेसी आपली बॅग घेऊन धक्क्यावर उभी राहिली. मामाच्या घरचं कुणी आलं नव्हतं. हमाल तिच्याकडे पाठ करून पोती चढवत होते.

एकटा रुपेनी आला होता. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस, हातात ताज्या फुलांची आणि पानांची जाड माळ.

“चोख काम केलंस, पोरी,” तो म्हणाला. आवाजात खरोखरच प्रेम होतं. “तू नसतीस तर बिचारा दीपू फुकट अडकला असता. आणि संशय आमच्यावर सगळ्यांवर राहिला असता, जन्मभर.”

त्याने माळ दोन्ही हातांनी वर धरली. बोटीचा भोंगा वाजला. बेटाची रीत आहे, निरोपाची माळ नाकारायची नसते. धक्क्यावरची माणसं बघत होती.

मकेलेसीने मान वाकवली.